वर्गातलं ऑलिंपिक: पताकांची साखळी, कौलाचं पदक आणि घुंगरांचा बॉल

दर वर्षी कुठली ना कुठली मोठी स्पर्धा असतेच. ऑलिंपिक, एशियन गेम्स, कॉमनवेल्थ, फुटबॉलचा वर्ल्डकप. आणि शाळेत काय होतं, तर परिपाठाला दोन ओळी वाचतात, फळ्यावर रंगीत खडूने पाच वर्तुळं काढतात, संपलं. मीही बरीच वर्षं तेवढंच करत होते. आता चौथी-पाचवी एकत्र घेऊन आठवडाभर वर्गाचं ऑलिंपिक करते, खर्च म्हणाल तर घोटीव कागद, चिकटपट्टी आणि फुगे धरून दीडशेच्या आत, बाकी सगळी रद्दी. एकच नियम स्वतःला घालून घेतलाय, जे बनवायचं ते खेळायला वापरायचं. बनवलं, भिंतीला चिकटवलं, साहेब येऊन बघून गेले, फोटो ग्रुपवर टाकला, हे बंद.

सुरुवात कड्यांपासून करा. पहिल्या वर्षी मी फार हुशारी केली, पोरांना घरून जुन्या बांगड्या आणायला सांगितल्या, त्यावर रंगीत लोकर गुंडाळायची आणि एकमेकीत अडकवायच्या असा बेत. सगळ्यांचं गुंडाळून झालं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अखंड बांगडी दुसऱ्या अखंड बांगडीत जाणार कशी! शेवटी एकावर एक ठेवून चिकटवल्या, त्यावर एक पोरगं म्हणालं, "मॅडम, यांनी एकमेकांना धरलंच नाहीये."

तर बांगड्या नकोत. पंधरा ऑगस्टला आपण पताकांच्या कागदाच्या पट्ट्यांची साखळी करतो ना, तीच करायची. निळी, पिवळी, काळी, हिरवी, लाल, या क्रमाने पाच कड्यांची साखळी. टेबलावर ठेवून निळी, काळी, लाल वर सरकवा आणि पिवळी, हिरवी खाली ओढा, झालं ऑलिंपिकचं चिन्ह, आणि अडकलेलंही अगदी खऱ्यासारखं.

यात गणित आपोआप येतं. पट्टी कापायच्या आधी विचारा, दहा सेंटीमीटर रुंदीची कडी हवी असेल तर पट्टी केवढी लांब कापायची? बहुतेक पोरं वीस म्हणतात. कापू द्या वीसची. चिकटवल्यावर जेमतेम सहा सेंटीमीटरची कडी होते आणि मग सगळे पट्टी घेऊन मोजायला लागतात. चौथीला पाय (π) वगैरे सांगायची गरज नाही, "तिप्पट आणि वर थोडं" एवढं त्यांचं त्यांना सापडतं. दहाच्या कडीला ३१.४ आणि चिकटवायला दीड, म्हणजे ३३ सेंमी कापा. ए-फोर कागद २९.७ सेंमीच लांब असतो त्यामुळे पुरत नाही, दुकानातून मोठा घोटीव कागद आणा.

आणि एक, निळा म्हणजे युरोप, काळा म्हणजे आफ्रिका असं पाठ करून घेऊ नका हं. सगळीकडे लिहिलेलं असतं पण तसं नाहीये. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे पिअर द कुबेर्तां यांनी १९१३ मध्ये हे चिन्ह काढलं तेव्हा पाच कड्या म्हणजे पाच खंड एवढंच होतं. रंगांचं कारण वेगळं, पाच रंग आणि मागचा पांढरा मिळून तेव्हा भाग घेणाऱ्या सगळ्या देशांच्या झेंड्यांतले रंग त्यात येत होते. याचा खेळ मस्त होतो. नकाशावहीच्या मागच्या पानावरचे झेंडे बघून या सहापैकी एकही रंग नसलेला झेंडा शोधा, शोधेल त्याला मधल्या सुट्टीत घंटा वाजवायला मिळेल. अख्खा तास पोरं झेंडे निरखत बसतात, घंटा अजून कोणाला मिळालेली नाही.

झेंड्यांवर आलोच आहोत तर संचलन. ऑलिंपिकच्या उद्घाटनात ग्रीस पहिला चालतो, यजमान देश शेवटी, आणि मधले बहुतेक सगळे यजमानांच्या भाषेतल्या अक्षरांच्या क्रमाने. टोकियोत जपानी क्रम, बीजिंगला २००८ मध्ये तर चिनी अक्षर काढायला किती रेघा लागतात त्यावर क्रम लावला होता. मग आपल्या वर्गात यजमान भारत असेल तर क्रम कुठला? मराठी वर्णमालेचा! प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, आलेल्या देशाचा झेंडा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करायचा, खराट्याच्या काडीला लावायचा आणि मग तोंडातून शब्द न काढता, फक्त खुणा करून, रांग लावायची. अफगाणिस्तान, अमेरिका, अर्जेंटिना इथपर्यंत ठीक चालतं, इटली, इथिओपिया, इराणला ढकलाढकली सुरू होते आणि "ओमान आधी की ऑस्ट्रेलिया" यावर बोलायचं नाही हा नियमच मोडतो. आमच्या वर्गाने ओ नंतर ऑ असं ठरवलंय, तुमचं तुम्ही ठरवा. शब्दकोशात शब्द कसा शोधायचा हे मी दोन वर्षं शिकवत होते ते या एका रांगेत झालं.

झेंडे देताना जरा बघून द्या. जपान, बांगलादेश, फ्रान्स, इटली सोपे. इंडोनेशिया आणि पोलंड मुद्दाम शेजारी बसणाऱ्या दोघांना द्या, एकाचा लाल वर, दुसऱ्याचा पांढरा वर, संचलनात एकाने काडी उलटी धरली की देशच बदलतो. नेपाळ चित्रकला चांगली असलेल्याला. श्रीलंकेचा सिंह कोणालाच देऊ नका, रडारड होते.

पदकं

पदकं विकत आणू नका, प्लास्टिकची ती पिवळी चकती मुलांना आवडते हे खरं पण दुसऱ्या दिवशी रिबन एकीकडे आणि पदक दुसरीकडे. पॅरिस २०२४ ची पदकं आठवतात का? प्रत्येक पदकाच्या मधोमध आयफेल टॉवरच्या जुन्या लोखंडाचा सहा कोनांचा तुकडा बसवला होता, १८ ग्रॅमचा. टोकियोवाल्यांनी तर लोकांनी दिलेले जुने मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक भंगार वितळवून पदकं केली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेमागचा फुटक्या कौलांचा ढीग आठवला. जुनी इमारत कौलारू होती, पत्रे आले तेव्हा कौलं मागे रचून ठेवली होती ती तशीच. मग आमच्या पदकाच्या मध्ये कौलाचा नखाएवढा तुकडा असतो. तुमच्याकडे जुन्या फळ्याची ढलपी असेल, मोडलेल्या बाकाचं लाकूड असेल, जे शाळेचं असेल ते घ्या.

कृती अशी. वाटी ठेवून पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापायच्या आणि खळीने एकावर एक चिकटवायच्या, वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून रात्रभर दाबून ठेवायच्या. रुपेरीला बिस्किटाच्या पुड्याची आतली बाजू. सोनेरीला चॉकलेटचा किंवा मिठाईच्या डब्यातला कागद. कांस्यला खाकी पाकिटाचा कागद आणि त्यावर मेणबत्ती घासायची, जरा चमक येते. तुकडा कडेला टोकेरी असेल तर तो तुम्ही स्वतः दगडावर घासून गोल करून मगच मुलांच्या हातात द्या, आणि चिकटवायला तिथे मात्र फेविकॉलच. रिबन म्हणजे जुन्या साडीची किनार. खळीचं एकच सांभाळा, आमच्याकडे एकदा दोन सुवर्णपदकं रात्रीत उंदरांनी कुरतडली, तेव्हापासून पदकं पत्र्याच्या पेटीत.

पदक करताना सांगायची गोष्ट म्हणजे सुवर्णपदक सोन्याचं नसतंच, आत चांदी असते आणि वर कमीत कमी सहा ग्रॅम सोन्याचा मुलामा. पॅरिसचं सुवर्णपदक ५२९ ग्रॅमचं होतं. पोषण आहाराच्या वजनकाट्यावर पिशवीत तांदूळ घालून बरोबर ५२९ ग्रॅम करा आणि पिशवी गळ्यात अडकवून वर्गभर चक्कर मारायला लावा. वजन म्हणजे काय हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही, मानेला कळतं.

मोजायचं, मोजायचं आणि मोजायचं

आता माझा सगळ्यात आवडता भाग. विक्रमाचे आकडे पोरांना सांगून काही होत नाही, "८.९५ मीटर" म्हटलं की "हं" म्हणतात. तेच जमिनीवर आखा. माइक पॉवेलने १९९१ मध्ये टोकियोत ८.९५ मीटर लांब उडी मारली, पुरुषांचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. आमचा वर्ग वीस फुटी, म्हणजे सहा मीटर आणि थोडं. खडूने एका भिंतीपासून मोजायला सुरुवात केली तर वर्ग संपला, भिंत आली आणि उडी अजून बाकीच! मग टेप घेऊन सगळी वरात व्हरांड्यात. तिथे आखल्यावर कळलं की हा माणूस आमच्या वर्गाच्या दारापाशी उडाला असता तर शेजारच्या तिसरीच्या दारापुढे पडला असता. त्यानंतर पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, नुसते त्या रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. बायकांचा विक्रम ७.५२ मीटर, गालिना चिस्त्याकोवाचा, १९८८ चा, तोही आखा, मुली तिथे जाऊन उभ्या राहतात.

उंच उडीसाठी दार वापरा. चौकट सात फुटी असेल तर २.१३ मीटर झाली, क्युबाच्या सोटोमायोरने १९९३ मध्ये २.४५ ची विक्रमी उडी मारली, म्हणजे चौकटीच्या वर अजून एक फूटभर. तिथे भिंतीवर चिकटपट्टीची खूण करा, बास, दुसरं काही सांगावं लागत नाही.

उसेन बोल्टसाठी धावायचीही गरज नाही. शंभर मीटर, ९.५८ सेकंद, बर्लिन २००९. सगळ्यांनी डोळे मिटायचे, मी "गो" म्हटलं की मनात मोजायचं आणि ९.५८ सेकंद झाले असं वाटलं की हात वर. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मी बघते. पहिल्यांदा निम्मे हात सहा सेकंदालाच वर येतात. पाच-सहा वेळा खेळलं की सरकायला लागतात. वर्ग फार गोंधळ घालत असेल तेव्हा हा खेळ काढा, मी कारण सांगत नाही, करून बघा.

भाला मात्र बनवायचा. वर्तमानपत्राचं जोडपान घ्या, एका कोपऱ्यावर खराट्याची काडी ठेवून तिरकं, घट्ट गुंडाळत जा, टोकाला चिकटपट्टी लावा आणि काडी ओढून काढा. पुढच्या टोकात खडूचा बोटभर तुकडा घालायचा कारण पुढे वजन नसेल तर भाला हवेत गिरक्या घेतो, आणि त्यावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी, म्हणजे कोणाच्या डोळ्याला लागायला नको. फेकणारा सोडून सगळे फक्कीच्या रेघेच्या मागे, आणायला जायचं ते सगळ्यांचं फेकून झाल्यावरच, यात सवलत नाही. खऱ्या स्पर्धेसारखं भाल्याचं टोक आधी टेकलं तरच फेक धरायची.

आता मोजमाप वहीत. आणि इथे दशांश चिन्हाची खरी मजा आहे. पोरांना विचारा, ८.९ मोठा की ८.८५? अर्धा वर्ग ८.८५ म्हणतो, का तर पंच्याऐंशी नवापेक्षा मोठा. वहीत शंभर उदाहरणं सोडवून ही चूक जात नाही. पण दोन भाले जमिनीवर पडलेत, टेप समोर आहे आणि ८.९ वाला पोरगा "माझा पुढे पडलाय" म्हणून ओरडतोय, तिथे ती चूक पाच मिनिटांत गेली. मग नीरज चोप्राचे आकडे फळ्यावर लिहा, टोकियो ८७.५८, पॅरिस ८९.४५. कुठली फेक लांब? पॅरिसची. मग टोकियोला सुवर्ण आणि पॅरिसला रौप्य कसं काय? हा प्रश्न टाकून गप्प बसा. कोणीतरी म्हणतंच, "दुसऱ्या कोणीतरी जास्त टाकला असेल." बरोबर, पाकिस्तानचा अर्शद नदीम, ९२.९७. आणि म्हणूनच आमच्याकडे प्रत्येकाचं एक कार्ड असतं, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूचं, त्यावर स्वतःचे आकडे लिहायचे आणि काल-आजची वजाबाकी करायची. ज्याची स्वतःची फेक सगळ्यात जास्त वाढली त्याला कौलाचं पदक. दर वेळी तीच तीन दांडगी पोरं जिंकणार असतील तर बाकीचे मोजायला सुद्धा येत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.

पाऊस असेल तर

मैदानात चिखल असेल तर पॅरालिंपिकचे खेळ काढा, खरं तर पाऊस नसला तरी काढा. गोलबॉल माहितीये? अंध खेळाडूंचा खेळ, तीन-तीन जणांच्या टीम, बॉलमध्ये घुंगरं असतात, आवाजावरून बॉल कुठून येतोय ते ओळखून आडवं पडून अडवायचं. आपण काय करायचं, प्लास्टिकच्या बॉलला ब्लेडने चीर देऊन (तुम्ही द्या, मुलांनी नाही) चार-पाच घुंगरं आत सारायची आणि वरून चिकटपट्टी. बाक कडेला, तिघांच्या डोळ्यांना रुमाल, बॉल जमिनीवरून घरंगळत सोडायचा, फेकायचा नाही. बसूनच अडवायचं. या खेळात प्रेक्षकांनी आवाज करायचा नसतो, केला तर खेळणाऱ्याला बॉल ऐकू येत नाही. चाळीस पोरांचा वर्ग चिडीचूप आणि मधून फक्त छुमछुम, एकदा तरी ऐका.

दुसरा म्हणजे बसून व्हॉलीबॉल. दोन बाकांमध्ये मीटरभर उंचीवर सुतळी, बॉलऐवजी फुगा, आणि फटका मारताना ढुंगण जमिनीवरून उचललं की पॉइंट समोरच्याला. फुगे चार-पाच जास्त आणा. खेळ झाल्यावर दमलेले असतात तेव्हा मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा, सांगली जिल्ह्यातले, सैन्यात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण.

भाषेसाठी स्टीपलचेस. बीडचा अविनाश साबळे जी शर्यत धावतो त्यात तीन हजार मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. व्हरांड्यात चार दप्तरं ठेवली की चार अडथळे, प्रत्येकापाशी एक शब्दपट्टी उपडी, उचलायची, मोठ्याने वाचायची, मग उडी. शेवटी ओलं गोणपाट, ते पाणी, तिथे सगळ्यात अवघड जोडाक्षराचा शब्द. राष्ट्रध्वज, प्रतिस्पर्धी, असले. शब्द अडला तर मागे फिरून दप्तराला हात लावून यायचं. जे पोरगं वर्गात वाचायला उठत नाही ते इथे धापा टाकत "प्र-ति-स्पर्-धी" म्हणतं, चुकलं तरी त्याला लाजायला वेळच नसतो.

पदकतक्ता करायचा असेल तर पॅरिसचे आकडे घ्या. अमेरिका आणि चीन दोघांची सुवर्णं ४०-४०, एकूण पदकं मात्र १२६ आणि ९१. स्तंभालेख काढून झाला की पुढचा प्रश्न, भारताची सहा पदकं, एक रौप्य आणि पाच कांस्य, पाकिस्तानचं एकच, पण ते सुवर्ण, मग यादीत वर कोण? पाकिस्तान. आमच्याकडे यावर दंगा झाला. मग म्हटलं तुमचा नियम तुम्ही करा, सुवर्णाला किती गुण, रौप्याला किती, कांस्याला किती. पाच गटांनी पाच नियम काढले आणि पाच याद्या आल्या. उत्तर एकच असतं असं मी तरी त्या दिवशी म्हटलं नाही.

घड्याळ शिकवायचं राहिलं असेल तर कागदी डिश, दोन पुठ्ठ्याचे काटे, मध्ये टाचणी. २०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आणि त्यात क्रिकेट आहे, १९०० नंतर पहिल्यांदा, त्यामुळे पोरांना रस असतोच. जुलैत तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे. युक्ती अशी की तिथल्या वेळेत अर्धा तास मिळवायचा आणि रात्रीची सकाळ करायची, तिकडे शनिवारी रात्री आठची मॅच म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठ. "मग शाळा बुडणार नाही" हा पहिला निष्कर्ष.

आणि नकाशा सोडू नका. जगाचा नकाशा, टाचण्या, रंगीत सुतळी. एक सुतळी कराडजवळच्या गोळेश्वरपासून हेलसिंकीपर्यंत, खाशाबा जाधव, १९५२, कुस्तीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर सात हजाराला गहाण टाकलं, हे सांगताना सावकाश सांगा. दुसरी सुतळी राधानगरीतल्या कांबळवाडीपासून फ्रान्सपर्यंत, स्वप्नील कुसाळे, २०२४, पण टाचणी पॅरिसला लावू नका, नेमबाजी शातोरूला झाली होती. तिसरी सुतळी तुमच्या गावातून सुरू करून मोकळी सोडा, पोरं तिचं दुसरं टोक रोज कुठेतरी नवीन लावतात, एकदा तर अंटार्क्टिकावर होतं.

जाता जाता एक सूचना. व्हरांड्यातल्या खडूच्या रेघा झाडताना पुसतात, त्यामुळे ८.९५ ची रेघ आम्ही आता ऑइलपेंटने मारलीय. मुख्याध्यापकांना आधी विचारा, आणि मारायची ती शनिवारी शाळा सुटल्यावर मारा. मी सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी मारली होती, अजून तिसरीच्या दारापर्यंत निळी पावलं आहेत.